गुंड्याभाऊ 'नुसता शेजारी उभा' नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

दूरदर्शनवरच्या 'चिमणराव' मालिकेत दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाशेजारी गुंड्याभाऊ उभा करणारे नट बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी गेले. त्यांच्यावर मी जो लेख लिहिला त्याखाली एका वाचकाची कमेंट आलीय, नाव नाही फोटो नाही. "काका, ती मालिका म्हणजे दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ नुसता शेजारी उभा असायचा. आणि सांगलीत तेव्हा टीव्ही तरी होता का? ऐकीव आठवणींवर गहिवर काढू नका. सिनेमांचा उल्लेख नाही, लेख पसरट झालाय." दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवणार होतो, पण ते 'गहिवर काढू नका' डोक्यातनं जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तुमच्या भाषेबद्दल. काका म्हणायचं आणि त्याच दमात खोटारडं ठरवायचं, ही कुठली रीत? आमच्याकडं सांगलीत हरभट रोडवर भर बाजारात वाद झाला तरी समोरच्याचं वय बघून माणूस दोन शब्द गिळतो. मालिका आवडली नाही म्हणा, लेख आवडला नाही म्हणा, ऐकून घेतो. पण माणूस नुकताच गेलाय, त्याच्या आठवणीखाली हे टाइप करताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता टीव्हीचं. सांगलीत टीव्ही होता असं मी लेखात लिहिलंय कुठं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, सिंहगडावरच्या टॉवरमुळं पुण्याला १९७३ पासून दिसायला लागलं, आणि माझे मामा राहायचे पुण्यात. शाळेची सुट्टी लागली की आम्ही भावंडं एसटीनं तिकडं. मामांकडं सेट नव्हता, वाड्यात एकाच बिऱ्हाडात होता, ब्लॅक अँड व्हाइट, आणि 'चिमणराव'च्या दिवशी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, आम्ही पोरं तर दारातनं माना लांब करून बघायचो. मामी स्वैपाक लवकर आटपून यायची. चिमणराव बोलायला लागले की लोक हसायचे हे खरं, पण गुंड्याभाऊ आत आले की हसू आधी यायचं, त्यांनी तोंड उघडायच्या आधी! हे मी ऐकलेलं नाही, बघितलंय. पुढं १९७९ ला याच जोडीचा 'चिमणराव गुंड्याभाऊ' सिनेमा आला तो सांगलीत लागल्यावर आमच्या घरातले सगळे गेले, ज्यांनी टीव्हीवर एकही भाग बघितला नव्हता ते सुद्धा. बाहेर पडताना आमचे आजोबा गुंड्याभाऊंबद्दलच बोलत होते. तेव्हा ऐकीव म्हणायच्या आधी विचारायचं तरी होतं.

प्रभावळकर मोठे नट आहेत, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही, ते लेखातही लिहिलंय. पण चिमणरावाची भित्री धांदल दिसणार कुणाच्या शेजारी? चि. वि. जोशी, बडोद्याला पाली शिकवणारा विद्वान माणूस, त्यांनी ही जोडी लिहितानाच अशी लिहिलीय की एकाशिवाय दुसरा अर्धा राहतो. हडकुळे, संकोची चिमणराव आणि रांगडे, सोटा हातात घेतलेले गुंड्याभाऊ. यातला दुसरा रोल वाचताना सोपा वाटतो, आवाज चढवायचा आणि दटावायचं. तसं केलं असतं तर गुंड्याभाऊ नुसता दांडगट झाला असता आणि प्रेक्षकांना नकोसा वाटला असता. कर्व्यांनी त्या धसमुसळेपणात चिमणबद्दलची माया ठेवली, त्यांचा दरारा खरा वाटायचा आणि जीवही खरा वाटायचा. चिमणराव बोलत असताना ते ऐकायचे, नुसते स्वतःच्या वाक्याची वाट बघत थांबलेले नसायचे. तेव्हाच्या त्या स्टुडिओत आजच्यासारखी एडिटिंगची चैन नव्हती, मधेच रिअ‍ॅक्शनचा शॉट चिकटवून विनोद वाचवता येत नव्हता, शेजारी उभ्या माणसाला तो सतत सांभाळायला लागायचा. आणि हा माणूस महापालिकेत इंजिनिअरची नोकरी करून हे सगळं करत होता.

सांगलीवरनं टोमणा मारलाय म्हणून हेही सांगतो. हरिपूर इथनं जवळच, नाटककार गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांच्या 'शारदे'त भद्रेश्वर दीक्षित हा काही नायक नाही, लग्न जुळवणारा दलाल आहे, पण तो नट कच्चा निघाला की अख्खं नाटक बसतं. आणि सांगली म्हणजे मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांचं गाव, इथं दुय्यम भूमिकेला कुणी 'शेजारी उभा' म्हणत नाही. १८४३ पासून नाटक बघणारं गाव आहे हे, आम्हाला नट कळतो.

सिनेमांचं म्हणाल तर लेख सिनेमांवर नव्हताच. 'जैत रे जैत'मध्ये ते होते, 'रथचक्र', 'सूर्याची पिल्ले' अशी नाटकं केली, सगळं लिहायला बसलो असतो तर तुम्हीच पुन्हा पसरट म्हणाला असता. पसरट वाटला तर वाटू दे. लेखातली एक ओळ मी बदलणार नाही. तुमची कमेंटही काढत नाही, राहू दे तिथंच. फक्त पुढच्या वेळी नाव लिहा, मग बोलू.