विल्सन बरणीवरचा शिक्का : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या विल्सन कुंभारांच्या, मिठाची झिलई दिलेल्या बरण्यांवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. भांडी खडबडीत आणि डागाळलेली आहेत, मी त्यांचं उगाच कौतुक करते. मिठाची झिलई आंबट पदार्थाला टिकणार नाही. आणि तिसरा, जरा रागाने लिहिलेला : ‘भांड्यांवर लिहायचं तर भांड्यांवर लिहा, त्यात गुलामगिरी कशाला? भांडं चांगलं असेल तर ते कुणी घडवलं याने काय फरक पडतो?’

टिकण्याचं आधी सांगते, कारण ते लवकर संपेल. आपल्याकडे सांडपाण्यासाठी वर्षानुवर्षं जे तपकिरी, चकचकीत स्टोनवेअर (कडक भाजलेल्या मातीचे) पाईप पुरले गेले, त्यांची झिलई मिठाचीच. कुठल्याही जुन्या साइट इंजिनिअरला विचारा. आम्लाला ती दाद देत नाही, म्हणूनच तिथे वापरली. लोणचं, ताक, व्हिनेगर तिचं काही बिघडवत नाही. खरा धोका असायचा तो शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत. आंबटात शिसं उतरायचं. मिठाच्या झिलईत शिसं नसतंच.

आता डाग. ही झिलई भांड्याला आधी लावलेली नसते. भट्टी 1200 अंशांच्या वर तापली की कुंभार वरच्या भोकांतून मीठ आत टाकतो. मिठाची वाफ होते, तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला, म्हणजे वाळूतल्या घटकाला, जाऊन मिळतं आणि भांड्याच्या अंगावरच काच तयार होते. म्हणून संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. दोन भांडी एकमेकांना टेकली असतील तिथे वाफ पोचत नाही, कोरडा ठिपका राहतो. भट्टीच्या विटांवरही दर खेपेला काच चढत जाते. ती वितळून खाली ठिबकली की भांड्यावर हिरवट थेंब थिजतो. झाकलेल्या किंवा एकावर एक रचलेल्या भांड्यांच्या आतही वाफ शिरत नाही, म्हणून आतून पातळ तपकिरी मातीचा हात आधीच फिरवून ठेवतात. तुम्ही ज्यांना डाग म्हणता, त्यांवरून भांडं भट्टीत कुठे होतं, त्याच्या शेजारी काय होतं, हे सांगता येतं. असं भांडं मला गुळगुळीत भांड्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतं, आणि हे मत मी बदलणार नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. जॉन मॅककेमी विल्सन या प्रेस्बिटेरियन (एक ख्रिस्ती पंथ) धर्मोपदेशकाने 1857 मध्ये टेक्ससमधल्या सेगीन गावाजवळ कुंभारकामाचा कारखाना काढला. तो स्वतः कुंभार नव्हता. राबत होते ते त्याचे गुलाम. त्या काळच्या भांड्यांवर त्यांची नावं नाहीत. 19 जून 1865 ला गॅल्व्हस्टनमध्ये टेक्ससच्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली. पुढे चारच वर्षांत, 1869 मध्ये, हायरम, जेम्स आणि वॉलेस या तिघांनी जवळच स्वतःची भट्टी उभारली. आडनाव तिघांचंही विल्सन, पण ते मालकाकडून आलेलं. ते सख्खे भाऊ नव्हते. ओल्या मातीवर त्यांनी शिक्का मारायला सुरुवात केली : एच. विल्सन अँड कंपनी.

आणि भांडंही बदललं. कान घोड्याच्या नालेच्या आकाराचे, दोन्ही टोकांनी अंगाला घट्ट चिकटवलेले. काठ असा बाहेर काढलेला की त्याखाली कापड ताणून दोरीने बांधता यावं. टेक्ससच्या उन्हाळ्यात, बर्फाशिवाय, घरातलं मांस आणि चरबी टिकवायची होती. त्या गरजेचा विचार त्या काठात दिसतो. पूर्वीचेच हात होते, पण आकार कसा असावा हे आता ते स्वतः ठरवत होते. मग कुणी घडवलं याने फरक पडत नाही असं कसं म्हणायचं? तो फरक कानाला आणि काठाला हात लावून बघता येतो.

नावाचं म्हणाल, तर साउथ कॅरोलायनात 1834 मध्ये गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा ठरलं. तरीही तिथल्याच एजफिल्डचा गुलाम कुंभार डेव्ह मोठमोठ्या रांजणांवर आपलं नाव आणि दोन-दोन ओळींच्या कविता कोरत राहिला. त्याची झिलई राखेची, म्हणून मूळ लेखात तो आला नाही. पण भांड्यावर नाव उमटवणं किती मोठी गोष्ट होती, हे त्याच्यावरून समजतं. विल्सन बरणीचं वर्णन करताना पोत सांगायचा, कान सांगायचे आणि शिक्का तेवढा गाळायचा, हे मला जमणार नाही. तोही त्याच मातीत, त्याच दिवशी उमटलेला आहे.

हायरम बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशकही होता. 1884 मध्ये तो गेला आणि कारखाना बंद झाला. जेम्स आणि वॉलेस पुढे दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला गेले.

तुमचा मुलगा ऑस्टिनला असतो असं तुम्ही लिहिलंय. तिथून सेगीन तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तिथल्या सेबॅस्टोपोल हाऊसमध्ये या कुंभारांचं छोटं संग्रहालय आहे. पुढच्या वेळी गेलात तर बरणीच्या काठाखालची खाच जवळून बघा, आणि तुमचं मत तेव्हाही हेच असेल तर जरूर कळवा.