स्वतःचं नाव सांगायचं धाडस

धाडस म्हटलं की लोकांना पूर, आग, युद्ध असलं काहीतरी आठवतं. मला फोन आठवतो. पलीकडून कुणीतरी विचारतं, "कोण बोलतंय?" आणि मला माझं नाव सांगायचं असतं.

मी तोतरी आहे, लहानपणापासून. मला प्रत्यक्ष भेटलेल्यांतल्याही बऱ्याच जणांना हे ठाऊक नसेल, कारण लपवण्यात मी तरबेज आहे. कुठल्या शब्दावर गाडी अडणार हे मला आधीच कळतं. 'परवा' अडणार असेल तर मी 'दोन दिवसांनी' म्हणते. उत्तर येत असताना 'माहीत नाही' म्हणते. हवं ते मागण्याऐवजी जे उच्चारता येईल ते मागते. नावाचं मात्र असं काही करता येत नाही, नाव बदलून सांगणार तरी काय? तोतऱ्या माणसांना विचारून बघा, सगळ्यात अवघड शब्द कोणता. पुष्कळ जण स्वतःचं नावच सांगतील.

जोसेफ शीहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतःही तोतरे. त्यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. ऐकू येणारं अडखळणं हा पाण्यावरचा तुकडा; खाली लाज, भीती आणि हे असलं टाळणं. माझ्या बाबतीत तर वर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. सगळंच खाली होतं. मोठ्या माणसांत साधारण १०० मागे एक जण तोतरा असतो, असं तज्ज्ञ मानतात. म्हणजे हे काही दुर्मीळ नाही. तरीही कित्येक वर्षं मला वाटत होतं की अशी मी एकटीच. बायकांमध्ये तोतरेपणाचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच कमी, त्यामुळे माझ्यासारखी दुसरी बाई भेटणं आणखी कठीण.

ती भेटली एका प्रशिक्षणात. ओळख करून द्यायची पाळी आल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "मी बोलताना अडखळते. एखादा शब्द यायला वेळ लागला तर थांबा, तो येईल." मग आपल्या नावावर अडखळली, चांगली लांबलचक. नाव पूर्ण केलं आणि पुढच्या वाक्याकडे गेली. खोलीत कुणालाच काही झालं नाही. माझ्या मात्र घशात आवंढा आला. तिचं तोतरेपण गेलेलं नव्हतं, ते जाईल असंही ती म्हणत नव्हती. तरी ती बोलत होती.

आपण गोष्टी सांगतो त्या सगळं पार पडल्यावर. आजारातून उठल्यावर, कर्ज फिटल्यावर, नैराश्य ओसरल्यावर. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. मला या गोष्टींचा आदर आहे, पण जो अजून मधेच आहे त्याला त्या फार दूरच्या वाटतात. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याच्या तोतरेपणाची गोष्ट जगभर सांगितली जाते ती विजयाची म्हणून. १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं त्या दिवशीचं त्याचं रेडिओवरचं भाषण आजही ऐकता येतं. जपून बोलणं, मधले थांबे, सगळं त्यात आहे. त्याच्या बोलण्यावर उपचार करणारे लायनेल लोग त्याच्यासोबत १९२६ पासून काम करत होते आणि या भाषणानंतरही कित्येक वर्षं मोठ्या भाषणांची तयारी करून घेत होते. राजालासुद्धा ते एकदाचं संपवून टाकता आलं नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते.

सांगितल्यावर लगेच हलकं वाटतं, हेही खरं नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, दररोज १५ मिनिटं लिहायचं; काहींनी आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवाविषयी, काहींनी साध्यासुध्या विषयावर. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बेताचाच दिसला, त्यामुळे याला रामबाण कुणी म्हणू नये. पण आधी वाईट वाटतं, हे मला तंतोतंत पटतं. "मी तोतरी आहे, जरा वेळ लागेल," असं मी फोनवर पहिल्यांदा म्हणाले तेव्हा फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. हल्ली थरथरत नाहीत. मी अजून अडखळते, पण आता 'परवा' म्हणायचं असेल तर 'परवा'च म्हणते.

प्रत्येकाने आपलं सगळं चारचौघांत मांडावं, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. नोकरीच्या मुलाखतीत हे सांगून टाकणं एकाला सोपं जातं, दुसऱ्याची त्यात भाकरी जाऊ शकते. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. गप्प राहिलेला माणूस भित्रा असतो असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. काही जण नुसते त्या फोनपाशी जातात, तेवढ्यालाही खूप बळ लागतं.

ऐकणाऱ्यांकडून मात्र मला काही हवं आहे. आमचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तुम्ही ते प्रेमाने करता हे कळतं, पण निम्म्या वेळा तुमचा शब्द चुकीचा असतो आणि मग आम्हाला दोन वाक्यं बोलावी लागतात. फोनवर शांतता झाली तर रेंज गेली असं समजून लगेच ठेवू नका. घरात अडखळणारं लहान मूल असेल तर "सावकाश बोल", "आधी श्वास घे" असं दर वेळी सांगू नका. ते त्याला सूचनांसारखं टोचतं. तुम्हीच थोडं सावकाश बोला. तज्ज्ञाला जरूर दाखवा. आणि मूल धावत येऊन काही सांगायला लागलं तर ते कसं बोलतंय याकडे नको, काय सांगतंय याकडे लक्ष द्या. भांडण कुणाशी झालं, मग काय झालं, असं विचारा. त्याला तेच तर सांगायचं असतं.