धान्याच्या कपाटापुढं कॅमेरा घेऊन उभं राहणाऱ्यांसाठी

सकाळी चहा गॅसवर ठेवून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि डोकंच फिरलं. आमच्या नाशिकच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका सभासदाने फोटो टाकलाय. वाचनालयाच्या व्हरांड्यातलं आपलं धान्याचं कपाट, त्यापुढं पाठमोरी एक बाई, एका हातात तेलाची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल. खाली मजकूर: ‘हे बघा आपले गरीब! मोबाईल परवडतो, तेल परवडत नाही. उद्यापासून आधार कार्ड बघून रजिस्टरमध्ये सही घ्या.’ त्यावर धडाधड अंगठे. चहा उतू गेला तो वेगळाच.

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर दिवसभर तेच चाललं असतं, म्हणून इथं लिहितेय. त्यातले निम्मे इथंही आहेत. वाचू देत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ते एक जुनं स्टीलचं कपाट आहे. सकाळी दार उघडतं, रात्री बंद होतं. जमेल त्याने ठेवावं, लागेल त्याने न्यावं. तूरडाळ, तेल, साखर, चहा पावडर, पोहे, मीठ, साबण, खालच्या खणात सॅनिटरी पॅड. शिजवलेलं काही नाही. कांद्याचा भाव पडला की कुणीतरी गोणी आणून टाकतं, गिरणारे गावाकडून कधी टोमॅटोचं कॅरेट येतं. बस, एवढंच.

‘पण गरिबांना सरकार फुकट रेशन देतंच की!’ हे वाक्य आज पुन्हा आलं. देतं. जानेवारी 2023 पासून माणशी 5 किलो धान्य फुकट, अंत्योदयवाल्यांना कुटुंबाला 35 किलो. चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यात गहू आणि तांदूळ असतो. गहू दळायला गिरणीवाला पैसे घेतो. पोळी भाजायला गॅस लागतो. भातावर घालायला डाळ लागते, डाळीला फोडणी लागते. म्हणून कपाटातलं तेल सगळ्यात आधी संपतं आणि तांदूळ पडून राहतो. हे बघायला फार हुशारी लागत नाही, पाच मिनिटं व्हरांड्यात उभं राहावं लागतं. मोबाईल खिशात ठेवून.

आणि रेशन कुणाला? शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. सहा हजार कमावणारा श्रीमंत झाला का? अंबडच्या कंपनीत कंत्राटी असलेला, ‘ब्रेक’ दिलाय म्हणून महिनाभर घरी बसलेला पोरगा कुठल्या यादीत बसतो? आयुष्यभर कारखान्यात मशीन चालवून आज ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची, हजार-दीड हजार पेन्शन घेणारे आजोबा, ज्यांचं कार्ड नोकरीच्या काळातलं पांढरं, म्हणजे फुकट धान्य न मिळणारं आहे, ते कुठं जातील? ते येतात कपाटाकडं. इस्त्रीचा शर्ट घालून येतात. आधी आत जाऊन पेपर चाळतात, मग निघताना पोह्यांची पुडी उचलतात. त्यांच्यापुढं रजिस्टर सरकवणार तुम्ही?

माझं लहानपण सिडकोत गेलं, तिसऱ्या योजनेत. वडिलांची सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा मी दुसरीत होते. गेटवर नोटीस, देणं लटकलेलं, किराणावाल्याच्या वहीत पान भरलेलं. त्या दिवसांत शेजारच्या काकू सारख्या आमच्या दारात. ‘वहिनी, जरा तुमचं सूप द्या हो, तांदूळ पाखडायचेत.’ ‘वहिनी, पुरणयंत्र आहे का?’ सूप परत यायचं ते तांदूळ घेऊन. पुरणयंत्रात डाळ आणि गुळाचा खडा. रिकामं भांडं परत करू नये ही आपली रीत, आणि काकूंनी ती अशी काही वापरली की बघणाऱ्याला वाटावं, मागायला त्याच आल्यात. त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला त्यांचं स्वतःचं सूप लटकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आईनेही बघितलं असणार. दोघींपैकी एकीनेही कधी तो विषय काढला नाही.

आता सांगा, काकूंनी आईचा फोटो काढला असता तर? फोटोत आमचा टीव्ही आला असता. हप्त्यावर घेतलेला, कंपनी चालू असतानाचा. ‘बघा, टीव्ही परवडतो, तांदूळ परवडत नाही!’ बरोबर ना?

त्या बाईच्या मोबाईलचं तेच आहे. धुण्याभांड्याची कामं फोनवर मिळतात. रेशनच्या केवायसीला ओटीपी लागतो. लाडकी बहीणचे 1500 जमा झाले की नाही ते मेसेजवर कळतं. मोबाईल विकून किती दिवस तेल येणार?

हो, गैरफायदा घेणारे आहेत. एकदा कुणीतरी तेलाच्या सगळ्या पिशव्या एका दमात उचलून नेल्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आता तेल थोडं थोडं बाहेर ठेवतात, प्रश्न मिटला. आणि खरं सांगायचं तर काकूंच्या डाळीतली अर्धी डाळ आई गुपचूप मामाकडे पाठवायची, कारण त्यांची परिस्थिती आमच्याहून वाईट होती. काकूंना ते कळलं नसेल? तरी सूप मागणं थांबलं नाही.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? फोटो टाकणारे हे गृहस्थ प्रकटदिनाच्या भंडाऱ्याला कमरेला उपरणं बांधून वाढत असतात. तिथं गाडीतून उतरलेली माणसं दोन-दोनदा पिठलं-भाकरी घेतात, यांच्या तोंडून ‘माउली, अजून घ्या ना’ यायचं थांबत नाही. सिंहस्थात तपोवनात पंगतीच्या पंगती उठतात, शीख बांधवांच्या लंगरला कुणीही जाऊन बसतं. कुणी आधार बघतं? गोदाकाठच्या या गावात विचारपूस न करता जेवायला घालायची सवय आपल्याला मुरलेली आहे. मग तेच अन्न पंगतीत पुण्य आणि कपाटात फुकटेगिरी कसं होतं, मला कुणीतरी समजावून सांगा.

रजिस्टरच ठेवायचं असेल तर आधी देणाऱ्यांचं ठेवू. दिवाळीनंतर त्या कपाटात किती सोनपापडीचे डबे आले ते लिहू. मुदत संपलेली ओट्सची पाकिटं, फोडून रबर लावलेला रवा, त्यातले किडे, सगळं नावानिशी लिहू. घर साफ करताना जे टाकवत नाही ते कपाटात, आणि वर दानाचं समाधान. त्याचा फोटो आजवर ग्रुपवर आला नाही.

बरं, फोटो नसले की देणगीदार येत नाहीत, हेही खरंय. मग डाळीच्या पोत्यांचे काढा, कपाटाचे काढा, रविवार कारंजावरून सामान वाहून आणणाऱ्या पोरांचे काढा, हौसेने उभी राहतील ती. घेणाऱ्याचा नको. पाठमोरासुद्धा नको. आपल्या कॉलनीत साडीच्या काठावरून माणूस ओळखू येतं. ती बाई कुणाकडे कामाला जाते हे ग्रुपवरच्या निदान चार घरांना कळलंय आणि आज संध्याकाळपर्यंत तिलाही कळेल.

एवढं टाइप करून जरा शांत झालेय. ते गृहस्थ तसे वाईट नाहीत, कोविडमध्ये ऑक्सिजन सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री धावले होते. म्हणूनच नाव लिहीत नाहीये. पण काका, तो फोटो ग्रुपवरून काढा. ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला जमत नसेल तर अ‍ॅडमिनला सांगा, त्यांनाही ते करता येतं.

बाकीच्यांसाठी: तेल आणि तूरडाळ दोन्ही संपलंय, चहा पावडर उद्यापुरती आहे. अर्ध्या लिटरच्या तेलपिशव्या आणा, पाच लिटरचा कॅन नको, तो वाटला जात नाही. सोनपापडी आहे. भरपूर आहे.