मीटरवर चालंल का?

दुकानदार गिऱ्हाइकाला आधी ‘काय पाहिजे’ असं विचारतो, ही जुन्या काळची समजूत झाली. कॅमेऱ्याच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘स्टुडिओ कुठला तुमचा?’

स्टुडिओ नाही म्हटलं की दुसरा. ‘मग ऑर्डरी घेता का? लग्न, मुंज, डोहाळजेवण?’ तेही नाही म्हटल्यावर नवी पेठेतल्या त्या दुकानदारानं शांतपणे टेबलफॅनचं तोंड माझ्याकडून स्वतःकडे वळवलं. एप्रिलअखेरचं सोलापूर, बाहेर डांबर वितळतंय, आणि माणसाची किंमत वाऱ्याच्या दिशेवरून कळतेय.

“हौस म्हणून काढतो,” मी म्हणालो.

“मग मोबाइल आहे की ओ सर.”

यावर मला बरंच काही सुचलं, पण ते घरी आल्यावर, रात्री साडेअकराच्या सुमारास.

मला हवा होता फक्त एक पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढं बसवायची फिल्टरची काच, धंद्याच्या भाषेत सीपीएल. सिद्धेश्वराचं देऊळ तलावात. ऊन जरा वर आलं की पाण्यावर अशी चकाकी येते की फोटोत खाली नुसता पांढरा पट्टा. पोलरायझर लेन्सवर बसवून हलकेच फिरवला की ही चकाकी विझते. पाण्याशी साधारण 37 अंशांचा कोन साधला तर जवळजवळ पुरती जाते. सूर्य काटकोनात धरला की आभाळही गडद निळं होतं. बाकीचे बरेच फिल्टर आता संगणकावर नंतर ‘लावता’ येतात. हा एक त्यातला नाही, चकाकीनं एकदा खाल्लेला तपशील परत येत नाही. हे सगळं मी त्याला उत्साहानं सांगितलं. तो काउंटरवरची धूळ पुसत होता.

“साइज?”

“58.”

त्यानं लेन्स हातात घेतली, लांब धरून वाचली आणि विजयी मुद्रेनं माझ्यासमोर ठेवली. “ही 55 ची आहे सर. 18-55 लिहिलंय बघा.”

आता 18-55 हे त्या लेन्सचं मिलिमीटरमधलं फोकल लेंग्थ, म्हणजे दृश्य किती जवळ ओढता येतं त्याचं माप. फिल्टरच्या आट्यांचा व्यास वेगळा असतो आणि तो लेन्सच्या तोंडाजवळ, गोलावर तिरकी रेघ मारलेल्या खुणेशेजारी छापलेला असतो. माझ्या लेन्सवर तिथं 58 आहे. मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं बोटाकडे पाहिलं, आकड्याकडे नाही. “वीस वर्षं धंदा करतोय सर,” म्हणाला आणि 55 चा फिल्टर काढून लेन्सवर ठेवला. तो आत पडून डुगडुगायला लागला.

“जरा सैल आहे. पण बसंल. टेप मारून देतो.”

इथं बाकावरून आवाज आला. “काय बघलालाव?”

बाकावर एक मामा पासपोर्ट फोटोसाठी बसले होते. त्यांच्या अंगात स्टुडिओचा काळा कोट होता आणि गळ्यात स्टुडिओचाच तयार गाठीचा, इलास्टिकवाला लाल टाय. कोटाखाली पांढरं धोतर, पायात चपला. फोटो छातीपर्यंतच येणार, तेव्हा कोट तेवढ्यापुरता. हा कोट सर्वांसाठी एकच असतो. निम्म्या पेठेची बँकखाती याच कोटावर उघडली असावीत. कॅमेरावाला पोरगा जेवायला गेला होता आणि मामा त्या उकाड्यात कोट न काढता बसून होते. काढला तर नंबर जाईल, असं त्यांना वाटत असावं.

“फिल्टर बघतोय मामा.”

“पाण्याचा?”

“पाण्यासाठीच. म्हणजे पाण्यावरची...”

“चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतंय, त्याला कसला फिल्टर लावताव!” मग दुकानदाराकडे वळून, “तुम्ही हे पण ठेवताव का आता?”

दुकानदारानं तोवर आतून दुसरी डबी आणली होती. 58 चा नाही, पण 67 चा पोलरायझर होता. सोबत स्टेप-अप रिंग घेतली की मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसतो. हे मात्र खरं आहे, आणि त्याला हे ठाऊक होतं तर मघाचा टेपचा प्रस्ताव कशासाठी होता, हे मला अजून कळलेलं नाही. किंमत तोंडानं सांगायची पद्धत आता गेली. त्यानं कॅल्क्युलेटरवर 1450 दाबून तो माझ्यापुढे सरकवला.

पोलरायझर अस्सल आहे का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर आधीच एक पोलरायझर बसवलेला असतो. फिल्टर डोळ्यासमोर धरून त्याच्याकडे बघत फिरवला, की ठरावीक जागी पडदा काळा पडतो. मी फिल्टर फिरवला. 1450 गेले. पुन्हा फिरवला. 1450 आले. माल खरा होता.

“काय झालं?” मामा उठून आले होते.

“काही नाही. यातून बघितलं की आकडा दिसत नाही.”

“बघू.”

त्यांनी फिल्टर डोळ्याला लावला, मी फिरवून दाखवला.

“गेलं की ओ!” ते ओरडले. “मालक, तुमचा भाव गेला!” मग पुन्हा फिरवून, “आला.” परत, “गेला.” पुढची काही मिनिटं दुकानात दुसरा व्यवहार झाला नाही. चार्जरची केबल घ्यायला आलेल्या कॉलेजच्या दोन पोरांनीही बघून घेतलं. “भारी हाय बे,” एक म्हणाला. मामा मात्र गंभीर होत चालले होते. त्यांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला.

“लाइटच्या मीटरवर चालंल का?”

“म्हणजे?”

“नवीन मीटरला असलाच पडदा हाय. हे चिकटवलं, की रीडिंग जाईल.”

“मामा, आकडा फक्त बघणाऱ्याला दिसत नाही. मीटर आत पळतच असतं.”

“पळू दे की. बघणाऱ्याला दिसलं नाही तर लिहिणार काय?”

मी म्हणालो, रीडिंग घेणारा फिल्टर जरा फिरवेल, त्याला दिसेल. मामांनी विचार केला. “त्याच्या चष्म्यालाच बसवता येतंय का?”

दुकानदार एवढा वेळ माझ्याशी तुटक बोलत होता, तो मामांना म्हणाला, “किती पाहिजेत? दोन घेतले तर कमी करतो.”

म्हणजे वीजबिल बुडवायच्या कामाला सवलत, आणि सिद्धेश्वराच्या पाण्याचा फोटो काढायला पूर्ण भाव.

आणि भाव तरी एकाच वस्तूचा कुठं असतो! फिल्टर 1450. रिंग 250. लेन्सचं तोंड आता 67 चं झालं, तर जुनं 58 चं झाकण पडून राहिलं, म्हणून नवं झाकण 150. पूर्वीचं हूड, म्हणजे लेन्सवर आडवं ऊन पडू न देणारं टोपण, या मोठ्या रिंगवरून जाईना. शिवाय “कायमचा एक यूव्ही मारून ठेवा, लेन्स सेफ राहील.” फिल्मच्या काळात यूव्ही फिल्टरला अर्थ होता, कारण फिल्म अतिनील किरणांनी धुरकट होई, डिजिटल सेन्सरपुढं ते अडवणारी काच कारखान्यातूनच येते. एवढं बोलायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, “सर, लग्नवाले सगळे लावतात.”

लग्नवाले! या गावात कॅमेऱ्याचं सगळं सामान लग्नवाल्यांसाठी येतं. ट्रायपॉड आणि लाइट मागितले की तंबूइतके मोठे. साधी ट्रायपॉडची प्लेट हरवली तर ‘नवीन ट्रायपॉडच घ्या’. ऑनलाइन मागवा म्हणतात. तिथं 128 जीबी लिहिलेलं मेमरी कार्ड येतं आणि आत 8 जीबीच निघतात, उरलेले फोटो कुठं गेले ते कार्डालाही माहीत नसतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, वर डुलणारे नंदीध्वज, सोलापूरकरानं फोटो काढायचा तो याच दिवशी. तिथं पोलीसदादा विचारतो, ‘कुठल्या पेपरचे?’ कुठलाच नाही म्हटलं की, ‘मग मागं सरा.’ नातेवाइकांचं उलटं. त्यांना पेपर लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. बारशाचं आमंत्रणच ‘कॅमेरा घेऊन या’ असं येतं. आपण पाळण्याचे फोटो काढेपर्यंत पंगत उठते आणि आपल्या पानात उरतात शेंगाचटणी आणि मीठ.

असो. पैसे काढत होतो, तेवढ्यात दुकानदाराला पहिल्यांदाच माझ्या हौसेची किंमत कळली.

“सर, पोरगा अजून येईना. मामांचा एक फोटो काढता का? तुमच्याकडे कॅमेरा हायच.”

मामा लगबगीनं पांढऱ्या पडद्यापुढं जाऊन बसले. काढला. मागच्या बाजूला स्क्रीनवर दाखवला. त्यांनी टायची गाठ सरळ करत पाहिलं आणि नाक मुरडलं.

“टक्कल चमकलालंय. तुमचं ते भाव घालवायचं भिंग लावा की.”

कातडीवरची तेलकट चकाकी पोलरायझरनं कमी होते, हेही खरंच आहे. रिंग लावली, फिल्टर बसवला, फिरवला. दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश त्यानं खाल्ला म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवला, पुन्हा काढला. डोक्यावरची निम्मी चमक गेली. मामा खूश. दुकानदारानं कार्ड माझ्याच हातानं काढून घेतलं, आठ प्रती छापल्या आणि मामांकडून 60 रुपये घेऊन गल्ल्यात टाकले.

“माझं बिल काय झालं?” मी विचारलं. “मेहनतीचे काही वजा करा.”

“सर, फिल्टर वापरलाव ना तुम्ही? सील फुटलंय. आता भावात काही होत नाही.” त्यानं कॅल्क्युलेटर पुढं सरकवला. 1850.

मामा कोट उतरवत माझ्या कानाशी आले. “फिरवा, फिरवा. जातंय का बघा.”