रोव्हरला रिमोट नसतो हो

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. मंगळावरचे रोव्हर म्हणजे रिमोटच्या गाड्या, नासातला माणूस जॉयस्टिक घेऊन लाइव्ह चालवतो, ९० दिवसांची ऑपॉर्च्युनिटी रोव्हर १५ वर्षं चालली म्हणजे आधीचा आकडाच खोटा, आणि मरताना तिने 'बॅटरी कमी आहे, अंधार पडतोय' असा मेसेज पाठवला.

जॉयस्टिकचं आधी बघू. मंगळापर्यंत सिग्नल जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, यायला परत तेवढीच, म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर खड्डा दिसेपर्यंत गाडी केव्हाच त्यात गेलेली असणार. म्हणून ड्रायव्हर लोक आलेले फोटो बघून पुढच्या दिवसाच्या सगळ्या कमांड एकगठ्ठा पाठवतात आणि नंतर वाट बघत बसतात. रिमोटवर चाललेली गाडी होती, नाही असं नाही, पण ती चंद्रावर! सोव्हिएत लुनोखोद १, साल १९७०. तिथे सिग्नल जाऊन यायला अडीच सेकंदच लागतात, तरी चालवायला पाच जणांची टीम बसायची.

मंगळावर मधल्या दगडधोंड्यांचं बरंचसं रोव्हरलाच बघावं लागतं आणि हे वाटतं तितकं सोपं नाहीये, १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'कार्ट' या स्वतः चालणाऱ्या रोबोट गाडीला खुर्च्या मांडलेली एक खोली पार करायला पाचेक तास लागले होते, कारण एक मीटर सरकायचं की थांबून १०-१५ मिनिटं कॅमेऱ्याचे फोटो तपासत बसायचं. मंगळावरचा आजचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर चालता चालताच रस्ता ठरवतो. स्पीड मात्र सपाटीवरसुद्धा तासाला दीडशे मीटरच्या आसपास, गेम खेळणाऱ्याला झोप लागेल.

९० दिवसांचं म्हणाल तर ते किमान टार्गेट होतं, एक्सपायरी डेट नव्हे. सोलर पॅनलवर धूळ साचून वीज कमी कमी होत जाणार हा अंदाज होता, पण वारा अधूनमधून पॅनल झाडून द्यायचा. आणि १५ नाही, जानेवारी २००४ ते जून २०१८, साडेचौदाला थोडे कमीच.

राहिला तो मेसेज. रोव्हर वाक्यं बोलत नाही, आकडे पाठवतो. धुळीच्या वादळात शेवटी आलेल्या आकड्यांवरून दिसत होतं की वीज फार कमी उरलीय आणि आभाळ काळवंडलंय, २०१९ मध्ये एका पत्रकाराने ट्विटरवर ते माणसाच्या भाषेत मांडलं आणि लोकांनी रोव्हरच्या तोंडी घातलं. रडायचंच असेल तर पुढचं वाचा की, त्यानंतर आठ महिने टीम कमांड पाठवत राहिली, हजाराच्या वर, आणि एकाचंही उत्तर आलं नाही.