‘ट्रिगर गेला की गनच बदला’ या सल्ल्याचा प्रतिवाद

मिग वेल्डिंग गनचा, म्हणजे जिच्या टोकातून वेल्डिंगची तार आपोआप पुढे येते त्या गनचा, ट्रिगर दाबूनही तार पुढे सरकेनाशी झाली किंवा काम चालू असताना आर्क (तारेच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) मध्येच तुटू लागला, की एक सल्ला हमखास मिळतो: स्विच दुरुस्त करत बसू नका, संपूर्ण गनच बदला. त्यासाठी चार कारणे सांगितली जातात. ट्रिगरमधून वेल्डिंगचा करंट जातो, म्हणून त्याची दुरुस्ती धोक्याची. ट्रिगर चालत नाही म्हणजे स्विच जळालेलाच असतो. मूळ कंपनीचाच स्विच लागतो आणि तो सुटा मिळत नाही. आणि दुरुस्त केलेला स्विच टिकत नाही. हात आखडता असलेल्या कारागिराला या सल्ल्यापायी नाहक मोठा खर्च करावा लागतो, म्हणून ही चारही कारणे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले कारण मुळातच चुकीचे आहे. वेल्डिंगचा करंट केबलमधल्या जाड तांब्याच्या वाहकातून थेट गनच्या टोकाकडे जातो आणि ट्रिगरच्या दोन बारीक तारा त्यापासून वेगळ्या असतात. बहुतेक यंत्रांत या तारांवर 24 व्होल्ट किंवा त्याच्या आसपासचा कंट्रोल व्होल्टेज असतो. स्विच जोडला गेला, की यंत्रातील रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा कंट्रोल कार्ड गॅसचा व्हॉल्व्ह, तारेची मोटर आणि वेल्डिंगचा पुरवठा सुरू करते. काही साध्या, छोट्या यंत्रांत मात्र मोटरचा करंट या स्विचमधूनच जातो, त्यामुळे नवा स्विच निवडण्यापूर्वी यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील सर्किट पाहावे. धोका आहे तो दुसरीकडे. केबल तापून ट्रिगरच्या तारेचे आवरण वितळले आणि ती तार मुख्य वाहकाला टेकली, तर कंट्रोल कार्ड जळू शकते. म्हणून यंत्र बंद करून, मुख्य पुरवठ्याचा प्लग काढून आणि गन यंत्रापासून सोडवून, ट्रिगरची प्रत्येक पिन आणि मुख्य वाहक यांच्यात जोड दिसत नाही ना, हे मल्टिमीटरने आधी पाहिले पाहिजे.

दुसऱ्या कारणाची शहानिशा तोच मल्टिमीटर करतो. युरो कनेक्टरच्या (गन यंत्राला जोडणाऱ्या प्रचलित जोडाच्या) गनवर ट्रिगरच्या दोन लहान पिना असतात. त्यांवर मीटरची टोके धरून ट्रिगर दाबावा: रोध शून्याच्या जवळ आला आणि सोडताच जोड पूर्ण तुटली, तर गनमधील स्विच आणि तारा दोन्ही ठीक आहेत व दोष अन्यत्र शोधावा लागेल. आकडा डळमळत असेल, तर मूठ उघडून मीटर थेट स्विचच्या टोकांवर लावावा. मूठ उघडताना दोन्ही अर्धी कवचे सावकाश विलग करावीत, कारण ट्रिगरखालची छोटी स्प्रिंग उडाली की सापडत नाही. पुष्कळदा येथे स्विच अगदी ठणठणीत निघतो आणि तुटलेली असते ती तार, तीही मुठीच्या मागच्या तोंडाशी, जिथे केबल रोज वाकते. बाहेरचे आवरण शाबूत दिसते, पण बोटांनी दाबून पाहिले तर तेवढ्याच जागी तार लिबलिबीत लागते; आतले तांब्याचे तंतू तुटलेले असतात. तेवढा तुकडा कापून नवी जोड दिली, की काम भागते. यंत्राच्या सॉकेटमधील पिना वायरने जोडून यंत्र तपासण्याची युक्तीही सांगितली जाते, पण तसे करताच त्याच सॉकेटचा मधला पितळी भाग जिवंत होतो, म्हणून मी ती सुचवणार नाही.

तिसऱ्या कारणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अनेक गनमध्ये सर्रास मिळणारा मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने चालणारा छोटा बंद स्विच, असतो. नवा घेताना आकार, भोकांमधील अंतर, व्होल्टेज आणि करंट जुळवावा. सर्किट डीसी असेल तर स्विचवरील एसीचा आकडा गृहीत धरू नये, कारण डीसीवर त्याच स्विचची क्षमता बरीच कमी असते. तीन टोके असतील, तर सामाईक टोक आणि एरवी उघडे राहणारे टोक जोडावे. दाबल्यावर अडकून राहणारा स्विच येथे कधीही बसवू नये, कारण हात सुटला तरी तार आणि करंट चालूच राहतात.

चौथ्या कारणामागे खरा अनुभव आहे, पण त्याचा दोष दुरुस्तीच्या पद्धतीकडे जातो. स्विचचे पॉइंट, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके, काळे दिसले की बहुतेक जण त्यांवर पॉलिश पेपर फिरवतात. या पॉइंटवर सहसा चांदीचा पातळ थर असतो. तो घासून गेला, की खालचा धातू उघडा पडून त्यावर ऑक्साइड चढते, आणि इतक्या कमी व्होल्टेजला ते भेदता येत नाही. त्यामुळे ट्रिगर काही दिवस चालतो आणि पुन्हा रुसतो. उघड्या पत्तीचा स्विच असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने भिजवलेली साध्या जाड कागदाची पट्टी पॉइंटच्या मध्ये धरून ओढावी. क्लीनर क्लोरीनयुक्त नसावा, कारण त्याच्या वाफेवर आर्कचे अतिनील किरण पडले तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. आणि कोणताही क्लीनर पूर्ण वाळल्याशिवाय आर्क पेटवू नये. बंद मायक्रोस्विच साफ करण्याऐवजी बदललेलाच बरा. जोडणीतही तीच काळजी हवी: डाग दिल्यावर सोल्डर तंतूंमध्ये शिरून तार ताठ होते आणि त्या ताठरपणाच्या कडेलाच पुन्हा तुटते, शिवाय जास्त उष्णतेने स्विचचे प्लॅस्टिक वितळून आतले पॉइंट हलतात. म्हणून दाबून बसणारे लग (तारेच्या टोकाला लावायचे धातूचे जोड) वापरावेत, वर हीट-श्रिंक नळी चढवावी आणि मुठीच्या आत तारेला थोडी ढील ठेवून ती पक्की धरावी, म्हणजे केबलचा ओढा स्विचच्या टोकांवर येत नाही.

गन बदलण्याची वेळ येतेच, पण तिची लक्षणे वेगळी आहेत. मुठीचे कवच तडकून आतला धातू हाताशी येत असेल, केबलचे आवरण जळाले असेल किंवा ट्रिगरची तार मुख्य वाहकाशी जोड दाखवत असेल, तर ती केबल किंवा गन वापरातून काढावी, मग स्विच नवा असो वा जुना.