बोटाचा वेग आणि पत्तीचा वेग : एका वायरमनच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टेबल लॅम्पच्या पिन होल्डरमध्येच स्विच बसवायचा तर त्याची यंत्रणा कशी असावी, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमची सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया आली. तुम्ही वायरमन आहात, आयुष्य वायरिंगच्या कामात गेलं आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी मांडतो. माझ्या आराखड्यात बाजूला एक फिरवायची खुंटी आहे, तिच्यामागे स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंग दोन पत्त्या, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, एकदम उचलून दोन्ही तारांची जोडणी तोडते. तुम्ही लिहिलंत की घरात २३० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, येतो, तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. झटक्याने उघडणारा स्विच ही डीसीच्या, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या, काळातली गरज होती. आता तर नऊ वॅटचा एलईडी. दोन पितळी पत्त्या टेकल्या की दिवा लागला, सुटल्या की विझला, बाकी सगळा वाढीव खर्च. फेज (जिवंत तार) तोडला की पुरे, न्यूट्रल (परतीची तार) कशाला तोडायचा? आणि मुळात स्विच भिंतीवरच्या बोर्डावर असताना तो होल्डरमध्ये हवाच कशाला?

एसीबद्दल तुम्ही म्हणता ते बऱ्याच अंशी खरं आहे. झटक्याने तुटणारा स्विच डीसीपायीच जन्माला आला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये तो केला. त्याआधीचे स्विच हाताच्या गतीने उघडत, मधल्या फटीत आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, पेटून राहायचा आणि धातू जाळत सुटायचा. डीसी शून्यावर येतच नाही, म्हणून आर्क ताणून ताणून तोडावा लागतो, तोही लवकर. आपल्या रेल्वेच्या जुन्या पद्धतीच्या डब्यांत दिवे-पंखे ११० व्होल्ट डीसीवर चालतात. तिथे घरातला फक्त एसीसाठी बनवलेला स्विच लावला तर आर्क विझत नाही आणि स्विच जळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं. नेहमीच्या हवेतली थंड फट, अगदी काही मायक्रॉनच्या फटी सोडल्या तर, साधारण तेवढ्याच व्होल्टेजपर्यंत ठिणगीने फुटत नाही. म्हणून शून्य ओलांडल्यावर आर्क एकदा विझला की साध्या बल्बच्या लोडवर तो सहसा परत पेटत नाही. फक्त एसीसाठी असलेले, सावकाश उघडणारे स्विच याच आधारावर बनतात आणि चांगले चालतात. तेव्हा तुम्ही चुकीचं शास्त्र सांगत आहात असं मी मुळीच म्हणणार नाही.

मतभेद आहे तो पुढे. तुमच्या हिशेबात पत्ती एकतर टेकलेली आहे किंवा सुटलेली आहे. प्रत्यक्षात एक तिसरी जागाही आहे, आणि होल्डर जळतात ते तिथे. खुंटीमागे स्प्रिंग नसेल तर खुंटी मध्येच कुठेही थांबू शकते. झोपेत हात लांबवणारा माणूस ती पूर्ण फिरवेल याची खात्री नाही. लहान मूल तर मुद्दाम अर्ध्यावर धरून दिवा लुकलुकवतं. अशा वेळी पत्ती टेकलेली असते, पण दाब जवळजवळ शून्य. जरा थरथर झाली की सुटते, पुन्हा टेकते.

तिथे किती उष्णता होते ते पाहू. १०० वॅटचा साधा बल्ब सुमारे ०.४३ अँपिअर घेतो. अशा बारीक आर्कवर पंधरा-वीस व्होल्ट पडतात. म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत सहा-आठ वॅट. एसी शून्यावर येऊन आर्क विझतो हे खरं, पण पत्ती तिथेच थरथरत असेल तर पुढच्या क्षणी ती पुन्हा टेकते, पुन्हा सुटते, पुन्हा आर्क. पितळ काळं पडतं, काळ्या थराचा रोध वाढतो, रोधामुळे आणखी उष्णता, उष्णतेने पत्तीचा ताण कमी, ताण कमी म्हणून दाब आणखी कमी. या फेऱ्यातून होल्डर बाहेर येत नाही. पिन होल्डरमध्ये बल्बला टेकणाऱ्या दोन स्प्रिंगच्या पिना तुम्ही नक्कीच पाहिल्या असतील. ताण गेलेली पिन दबलेलीच राहते आणि बल्बच्या बुडाच्या शिशाच्या टिकलीवर काळा खड्डा पडतो. तिथेही कारण हेच, कमी दाबाचा सैल स्पर्श.

म्हणून माझ्या आराखड्यातल्या स्प्रिंगचं पहिलं काम आर्क तोडणं हे नाही. पत्तीला मधे थांबायला जागाच उरू नये, यासाठी ती आहे. खुंटी फिरवायला लागलं की आधी फक्त स्प्रिंग दाबली जाते, पत्ती जागची हलत नाही. स्प्रिंगची रेषा मधल्या बिंदूच्या पलीकडे गेली की तिथून पुढे माणसाच्या हातात काही राहत नाही. स्प्रिंग सुटते आणि पत्ती दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवते. खुंटी कितीही हळू फिरवा, पत्तीचा वेग तोच राहतो. माणसाला स्विच नीट दाबायला शिकवता येत नाही आणि शिकवावं लागूही नये. बोटाचा वेग पत्तीपर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढ्यासाठी मी एक स्प्रिंग आणि एक कॅम (खुंटीबरोबर फिरून पत्ती ढकलणारा उंचवट्याचा तुकडा) वाढवतो.

आता एलईडीकडे. नऊ वॅटचा एलईडी चालू असताना फार तर पाऊणशे मिलिअँपिअर घेतो, हे मान्य. पण लावण्याच्या क्षणी चित्र वेगळं असतं. आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि रिकामा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आहे. व्होल्टेज शिखरावर असताना स्विच लागला आणि बल्बमधला इनपुट रेझिस्टर दहा ओहमचा असेल, तर ३२५ भागिले १०, म्हणजे क्षणभर तीस अँपिअरच्या वर करंट जातो. तो अत्यंत थोडा वेळ टिकतो, फ्यूज त्याची दखलही घेत नाही. पण नेमक्या त्याच वेळी पत्ती आदळून उसळत असते. उसळीत धातू वितळतो आणि पत्ती परत टेकते तेव्हा तिथे सूक्ष्म वेल्डिंग होतं. साधा फिलामेंटचा बल्बही थंड असताना चालू करंटच्या दहापट आणि त्याहून जास्त करंट ओढतो, म्हणजे त्रास नवा नाही. एलईडीमध्ये तो जास्त टोकदार झाला आहे.

इथे माझ्या स्प्रिंगवरच खरा आक्षेप घेता येतो. तुम्ही तो घेतला नाहीत, पण घ्यायला हवा होता. झटक्याने आदळणारी पत्ती जास्त उसळते. यावर माझे दोन उपाय आहेत. हलणारी पत्ती शक्य तितकी हलकी ठेवायची. आणि ती समोरून आदळवण्याऐवजी थोडी घासत आत घ्यायची. घासण्याचा दुसरा फायदा एलईडीसाठीच आहे. करंट इतका कमी की पृष्ठभागावरचा मळ आणि सल्फाइडचा थर जाळून टाकण्याची ताकद त्यात उरत नाही. घासणारी पत्ती तो थर स्वतः खरवडते. तुमच्या नुसत्या टेकणाऱ्या पत्त्यांच्या स्विचला आज जो बल्ब लावाल, तो काही काळाने मिणमिणायला लागेल, आणि दोष बल्बच्या माथी जाईल.

वेल्डिंगबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फक्त स्प्रिंगच्या भरवशावर उघडणारी पत्ती चिकटली तर खुंटी फिरते, टिक् असा आवाजही येतो, आणि आत काहीच तुटलेलं नसतं. म्हणून कॅमला एक टाच ठेवली आहे. स्प्रिंगने पत्ती उचलली नाही, तर खुंटीच्या शेवटच्या टप्प्यात ही टाच पत्तीखाली शिरून तिला जबरदस्तीने उचलते. त्यामुळे खुंटी थोडी जड लागते. लागू दे. बंद दाखवणारा आणि आत चालूच असलेला स्विच मला कोणत्याही भावात नको.

तुम्ही साखळी ओढून दिवा लावायच्या होल्डरचंही नाव काढलंत. हार्वे हबेल यांना अमेरिकेत १८९६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक ओढीला दातेरी चाक एक टप्पा पुढे सरकतं, एका टप्प्यावर दिवा लागतो, पुढच्या टप्प्यावर विझतो. उंचावरच्या दिव्यासाठी इतकी सोपी युक्ती दुसरी नाही. पण ओढ दोन्ही वेळी सारखीच, त्यामुळे बल्ब गेलेला असेल तर स्विच चालू आहे की बंद, हे बाहेरून कळत नाही. त्याच अवस्थेत कोणीतरी नवा बल्ब लावायला हात घालतो. ब्रिटिश पद्धतीच्या होल्डरमध्ये आरपार जाणारा एक दांडा असतो, इकडून दाबला की तिकडे बाहेर येतो. अंधारात चाचपडूनही स्थिती समजते. माझ्या खुंटीला एका बाजूला चपटं पोट दिलं आहे ते त्याच कारणासाठी.

आता दोन्ही तारा तोडण्याचं. भिंतीवरच्या बोर्डावर फेज तोडला की पुरे, यात वाद नाही, कारण तिथे फेज कुठली हे तुम्ही टेस्टर लावून ठरवता आणि ती तशीच राहते. टेबल लॅम्पला मात्र बहुतेक वेळा दोन पिनांचा प्लग असतो. तो उलटा-सुलटा कसाही बसतो. आज फेज तुटली, उद्या पोछा मारताना प्लग काढून परत लावला की न्यूट्रल तुटेल. दिवा विझतो, माणूस निर्धास्त होतो, आणि होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेज उभी असते, एकीवर थेट आणि दुसरीवर बल्बमधून आलेली. स्क्रूच्या होल्डरमध्ये तर हे आणखी वाईट, कारण उलट्या प्लगवर बाहेरची पितळी आट्यांची वाटीच जिवंत राहते आणि बल्ब फिरवताना बोट पहिलं तिथेच लागतं. वायरिंग करणारा माणूस घरात जबाबदारी घेऊन फेज स्विचमधून नेतो. हलवता येणाऱ्या दिव्याला असा माणूस मिळत नाही, म्हणून ते काम स्विचनेच केलं पाहिजे. दोन पत्त्या, दोन्हीकडे ३ मिलिमीटरची फट. यात मी तडजोड करणार नाही.

होल्डरमध्ये स्विच हवाच कशाला, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सुरुवातीला घरांत भिंतीतून वायरी नव्हत्या. गॅसच्या दिव्याला जिथे तोटी होती तिथेच विजेच्या दिव्याला कळ आली, आणि पहिल्या होल्डरांची कळ दिसायलाही गॅसच्या तोटीसारखीच होती. आपल्याकडे बोर्ड भिंतीवर गेला हे चांगलंच झालं. पण भाड्याच्या एका खोलीत बोर्ड दाराशी आणि अंथरूण दुसऱ्या टोकाला, अशी कितीतरी घरं आहेत. तिथे लोक काय करतात हे तुम्ही रोज पाहता. वायर मधेच कापून बेड स्विच लावतात, तो उशीखाली जातो, वायर त्याच्या तोंडाशी दुमडत राहते आणि शेवटी आतली तांब्याची तार तुटते. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री दिव्यासाठी दारापर्यंत चालायला लावणं मला योग्य वाटत नाही. हाताशी दिवा असेल तर हाताशी स्विचही हवा, आणि तो दिव्याच्या घट्ट शरीरात असलेला बरा.

खर्चाचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर मांडलात. भाव खरा कुठे वाढतो, तर बल्बच्या इतक्या जवळ टिकणाऱ्या मालामुळे. बल्बच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर, तेवढ्याच घेरात सगळं बसवायचं आणि कोणीतरी तिथे १०० वॅटचा फिलामेंट बल्ब लावणारच असं धरून चालायचं. म्हणून अंग बेकेलाइटचं, कारण ते तापून वितळत नाही. मुख्य स्प्रिंग पोलादी आणि तिच्यातून करंट मुळीच जाऊ द्यायचा नाही, करंट पत्त्यांनीच वाहायचा. पत्ती फॉस्फर ब्राँझची, टोकाला चांदीची टिकली. पितळेची पत्ती स्वस्त पडते, पण उष्णतेत तिचा ताण लवकर जातो. काटकसर करायचीच तर खुंटीच्या दिसण्यात, बाहेरच्या पॉलिशमध्ये करू. या तीन वस्तूंत नको.

एक विनंती आहे. तुमच्याकडे बदलून काढलेले जळके होल्डर आणि बेड स्विच नक्की साठलेले असतील. त्यातले काही फोडून पाहा. खड्डा पत्तीच्या टोकाला, म्हणजे सुटताना शेवटी स्पर्श राहतो तिथे पडला आहे, की पूर्ण लागलेल्या अवस्थेत ती जिथे बसते तिथे? टोकाला असेल तर उघडतानाचा आर्क दोषी, आणि तुमच्या-माझ्यातला वाद पुन्हा सुरू करता येईल. बसण्याच्या जागी असेल तर दाब कमी पडतो आहे, आणि मला स्प्रिंगची तार एक गेज जाड घ्यावी लागेल. फोटो पाठवलेत तर आराखड्यात तसा बदल करून इथेच टाकीन.